फौजदार फाटा

आमचा दादा पोलिसात हवालदार होता आणि गावात फौजदार होता. दोन्हींतलं अंतर ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हवालदाराच्या बाहीवर तीन फिती असतात. फौजदाराच्या खांद्यावर तारे असतात, त्याला बसायला वेगळी खोली असते, खोलीला पडदा असतो, आणि तो पडदा सारून हवालदार आत गेला की आधी सलाम ठोकतो, मग बोलतो. दादानं उभी नोकरी असे सलाम ठोकले. सुट्टीला गावी आला की मात्र पारावरची म्हातारी माणसं त्यालाच हात वर करून विचारायची, "काय फौजदार, कवा आलासा?" आणि दादाही, आपल्या मागं दुसरं कुणी उभं आहे का हे न बघता, "आत्ताच की" म्हणून मोकळा व्हायचा.

हे नाव त्याला पोलिसात जायच्या लय आधी पडलेलं.

आमचं गाव कवठे महांकाळ तालुक्यात. आम्ही मेंढरांमागची माणसं. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, थोडी शेती धरली, पण मेंढरं सोडली नाहीत. त्या घरातली मी पहिली बी.ए. हे मी सारखं सांगते म्हणून माझी थट्टा होते. होऊ दे. ज्यांच्या घरात आजोबापासून पदव्या आहेत त्यांना सांगायची गरज पडत नाही, मला पडते. आता मी सांगलीत एका शाळेत मराठी शिकवते, आणि मला कॉलेजात घालायचा हट्ट दादाचाच होता. तो म्हणायचा, घरात एक तरी माणूस असं पाहिजे जे पंचनामा न अडखळता वाचंल.

तर ते नाव. आमची वस्ती रस्त्याच्या एका अंगाला आणि चराईचा माळ दुसऱ्या अंगाला. मध्ये डांबरी, तिथंच गावात वळायचा फाटा. सकाळी कळप पलीकडं न्यायचा आणि दिवस कलला की अलीकडं आणायचा. मेंढरं एकामागं एक चालतात, आणि मधलं एक थबकलं की मागची सगळी तिथंच उभी राहतात, जणू कुणी त्यांची सभा बोलावलीय. अशा वेळी गाड्या थोपवायला माणूस लागतो. ते काम दादाकडं आलं तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता. चड्डी करदोट्यात खोचून तो रस्त्याच्या मधोमध उभा राहायचा. एका हातात आडवी काठी, दुसरा हात सरळ आभाळात, आणि तोंडावर असा भाव, की शेवटचं मेंढरू पार होईस्तोवर सूर्यानंसुद्धा मावळायचं नाही.

एकदा त्यानं एस.टी. अडवली. ड्रायव्हर घाईत होता. त्यानं हॉर्न वाजवून पाहिला, गाडी जरा पुढं दामटून पाहिली. दादा हलला नाही. शेवटी ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढून दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "फौजदारसायेब, सोडता का आता?"

सगळी गाडी हसली. त्या गाडीत दादाच्या वर्गातला एक मुलगा बापाबरोबर बाजाराहून परत येत होता. बापाचा गाद्या भरायचा धंदा होता. पोरानं पुढं ब्रश हातात घेतला, आणि आज आमच्या भागातले निम्मे बोर्ड त्याच्या हातचे आहेत, म्हणून आता त्याला सगळे पेंटरच म्हणतात. पण त्या दिवशी त्यानं बोर्ड न रंगवताच जाहिरात केली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटेपर्यंत दादाचं पाळण्यातलं नाव संपलं होतं.

पुढं दादा खरंच पोलिसात भरती झाला, साताऱ्याला. ट्रेनिंगला जाताना आप्पांनी पत्र्याची नवी ट्रंक घेतली आणि नाव घालायला पेंटरकडं दिली. पेंटरनं झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं मोठ्ठं 'फौजदार' लिहिलं, अक्षरांना लाल सावली दिली, आणि 'फौ'च्या डोक्यावरच्या दोन मात्रा पटक्याच्या तुऱ्यासारख्या मागं उडवल्या. दादाला ते दिसलं तेव्हा ट्रंक एस.टी.च्या टपावर चढली होती.

ट्रेनिंगच्या उस्तादानं झाकण बघितलं, "या फौजदार, या" म्हणून स्वागत केलं, आणि ट्रंक दादाच्या डोक्यावर देऊन त्याला मैदानाभोवती पळवलं. किती फेऱ्या, हे दादा दर वेळी वेगळं सांगायचा. जसजसं वय वाढलं तसतशा फेऱ्याही वाढल्या. पहिल्या सुट्टीत त्यानं ट्रंक घरी आणून आपटली. आप्पांनी तिच्यात लोकर कातरायच्या कातरी आणि मेंढरांची औषधं ठेवायला सुरुवात केली. आप्पांना वाचता येत नाही. पण तो एक शब्द त्यांनी झाकण उघडताना-मिटताना इतका पाहिलाय, की मेंढरू जसं तोंडावरून ओळखतात तसा ते तो ओळखतात. एखाद्या बोर्डावर दिसला तर "ह्यो आपला" म्हणतात.

आणि सांगतातही. बाजारात, जत्रेत, दवाखान्याच्या बाकड्यावर, शेजारी बसलेल्या माणसाला नाव-गाव विचारायच्या आधी आप्पा सांगून टाकायचे की माझा पोरगा साताऱ्याकडं फौजदार हाय. मी एकदा त्यांना समजावायला गेले. ते म्हणाले, सगळं गाव म्हणतंय, एस.टी.चा ड्रायव्हर म्हणला, सरकारी माणूस तो, खोटं कशाला बोलंल?

हे सगळं गमतीतच चाललं असतं. पण एकदा आप्पा दादाला भेटायला त्याच्या ठाण्यात गेले. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, पिशवीत शेंगा. दारातल्या पोलिसाला त्यांनी विचारलं, फौजदार हाय का? पोलिसानं त्यांना सरळ पडद्याच्या खोलीत नेलं. आतल्या साहेबांकडं आप्पांनी नीट बघितलं आणि म्हणाले, "तुमी न्हवं. आमचा." तेवढ्यात दादा कसलीशी फाइल घेऊन आत आला, सलाम ठोकला, आणि सलामाचा हात खाली यायच्या आत आप्पांनी बोट दाखवलं, "ह्यो बगा, ह्यो आमचा फौजदार."

साहेब हसरे होते. त्यांनी आप्पांना बसवलं, शेंगा खाल्ल्या, चहा पाजला. पण त्या दिवसापासून ते दादाला मोठे फौजदार म्हणायला लागले आणि स्वतःला धाकटे. मोठ्या फौजदारांना विचारा, चहा येतोय का? मोठे फौजदार, जरा पंखा लावता का? सगळं ठाणं त्यात सामील झालं. दादा हा किस्सा स्वतःच रंगवून सांगायचा, साहेबांच्या आवाजात, पंख्याच्या आवाजासकट. आम्ही पोट धरून हसायचो.

वहिनी हसायची नाही. पोलीस लाइनीतल्या नळावर पाणी भरायला गेलं की इतर बायका तिला "या फौजदारीणबाई" म्हणायच्या, आणि ते आमच्या गावाच्या म्हणण्यासारखं नसायचं. तेव्हा दादाच्या बाहीवर दोनच फिती होत्या. तिसरी यायला पुढं बरीच वर्षं गेली. आली त्या दिवशी दादा शिंप्याकडं निघाला होता. वहिनीनं शर्ट हातातून ओढून घेतला आणि दारात उजेडाला बसून स्वतः फीत शिवली. दादानं मला फोन करून सांगितलं की टाके इतके बारीक घातलेत, शर्ट फाटंल पण हवालदारकी निघायची न्हाई.

तो गेला तो मोठ्या रस्त्यावर. साताऱ्याच्या पुढं एक ट्रक उलटला होता, पाऊस होता, मागून गाड्या वेगात येत होत्या. बाकीचे आतल्या माणसांना काढत होते. दादा मागं जाऊन रस्त्याच्या मधोमध बॅटरी घेऊन उभा राहिला, गाड्या थोपवायला. बऱ्याच थांबल्या. एक थांबली नाही. ट्रकमधली माणसं वाचली. एवढंच आहे, आणि मला ते ह्याहून लांब सांगता येत नाही.

माळावर सरकारी मानवंदना झाली. बंदुकांचे बार हवेत झाले आणि मेंढरं चौखूर उधळली. अर्धं गाव रडता रडता मेंढरांमागं धावलं. आप्पा तेवढे जागेवरून हलले नाहीत. म्हणाले, जाऊ द्या, येतील आपापली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मेंढरं अशी सोडली असतील. ती संध्याकाळपर्यंत आली, पण रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली.

वर्षभरानं ग्रामपंचायतीनं ठरवलं की फाट्यावर दादाच्या नावाचा दगडी फलक बसवायचा. तालुक्याच्या ठाण्यातून पाहुणे येणार, साताऱ्याहून दादाच्या बरोबरीचे येणार. मजकूर कुणी लिहायचा असा प्रश्नच आला नाही. सरपंच म्हणाले, तू बी.ए. हायस, इतकी वर्षं आमी ऐकतोय, आता एकदा उपयोग होऊ दे.

मी लिहिलं. पहिल्या खर्ड्यात धारातीर्थ होतं, आसमंत होता, तेजस्वी परंपरा होती. पेंटर दगडावर अक्षरं आखून देणार होता. त्यानं वाचलं आणि विचारलं, दगड साधा आणायचा का दीपमाळंएवढा? मग मी सगळं काढून टाकलं. नाव ठेवलं, त्याखाली 'पोलीस हवालदार', त्याखाली 'कर्तव्य बजावताना मृत्यू', आणि सगळ्यांत शेवटी 'रस्त्यात उभं राहून त्यानं इतरांना वाचवलं'. एवढंच. मला ते आवडलं. पेंटरलाही आवडलं, त्याला काम कमी पडणार होतं.

आमच्या अंगणात मी ते वाचून दाखवलं. वहिनी साताऱ्याहून त्यासाठी आली होती. पेंटर दगडाची मापं घेऊन आला होता. आप्पा ट्रंकेवर बसले होते. ऐकून झाल्यावर त्यांनी मान डोलावली, लिवलंय चांगलं म्हणाले, आणि विचारलं की ह्यात फौजदार कुठं आलं?

मी त्यांना समजावलं. शिक्षिका आहे, समजावायची सवय आहे. शिपाई म्हणजे काय, हवालदार म्हणजे काय, फिती कुठं, तारे कुठं. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे मेल्यावर खाली उतरवलं व्हय गं त्याला?"

मी हातातल्या कागदाची घडी घातली.

वहिनी चुलीपाशी होती, ती बाहेर आली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि हळूच बोलली, "मामा, खाली कुणी उतरवलं न्हाई. ती तिसरी फीत मी माझ्या हातानं शिवलीया. जे त्यांनी मिळवलं तेच लिवू द्या. साताऱ्याची माणसं येणार हायती. दगडावर त्यो शब्द वाचून ती गालात हसतील, आन मी तिथं उभी असंन."

आप्पा ट्रंकेवरून उठले, तेही असे, की खालचं झाकण आम्हा सगळ्यांना दिसावं.

पेंटरला वाटलं, गाठ आपण सोडवावी. तो म्हणाला, हाय काय त्यात, नावाच्या आन फौजदारच्या मधी ऊर्फ टाकू. गावात सगळ्यांचं असतंय. दोगांचंबी समाधान.

मलाही ते पटलं. मी तर मनात ऊर्फचा दीर्घ ऊ काढायला सुरुवातही केली होती. वहिनी मात्र पेंटरकडं वळली. "भावजी, ह्यांच्या ठाण्यात ऊर्फ कुणाला लागतं म्हाईत हाय का? आरोपीला. अमका ऊर्फ बाळ्या, ऱ्हाणार अमुक तमुक, फरार."

पेंटरनं टेप गुंडाळली. मग जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, माझ्या दुकानाच्या बोर्डावर माझं नाव ऊर्फ घालूनच हाय गं, ते आता काय करू?

माझ्या डोक्यात एक पळवाट आली होती, तीही सांगते. दगडावर हवालदार लिहायचं आणि आप्पांना वाचून दाखवताना फौजदार म्हणायचं. वाचता न येणाऱ्या बापाच्या पोरीला असं सुचतं. पण आप्पांना सगळ्या जगातला नेमका तोच एक शब्द वाचता येत होता. त्याला तुरा होता.

तर असं अडलं. आप्पा म्हणाले की कार्यक्रमाच्या दिवशी ते मेंढरं घेऊन लांबच्या माळाला जातील, इथं फुकट गर्दी. वहिनी म्हणाली की खोटं पद असलं तर तिला साताऱ्याहून यायला जमणार नाही. दोघांनीही आवाज चढवला नाही. आमच्यात आवाज मेंढरांवर चढवतात, माणसांवर रुसतात. सरपंचांचा मला फोन यायचा, की दगड घडवणारा थांबलाय, काय ते एकदा कळीव. आणि मला दिसायला लागलं होतं ते असं, की फलक उभा आहे, पाहुणे आले आहेत, हार आणले आहेत, आणि ज्याचा तो फलक त्याचा बापही तिथं नाही आणि बायकोही नाही.

सुट्टीला मी सांगलीहून एस.टी.नं निघाले. शेजारी एक कॉलेजातली मुलगी येऊन बसली, मांडीवर सॅक, कानाला मोबाईल. आमच्या गावची नव्हती. फोनवर कुणा मैत्रिणीला सांगत होती, अगं मी फौजदार फाट्याला उतरते, तिथं गाडी घेऊन ये.

मला आधी वाटलं, माझ्याच डोक्यात सारखा तो शब्द आहे म्हणून तसं ऐकू आलं. तिचा फोन झाल्यावर मी विचारलं, कुठं उतरणार?

"फौजदार फाटा. तुमाला ठाऊक न्हाई का? मेंढरं असत्यात बघा तिथं कायम."

मी म्हटलं, असं नाव का पडलं असंल? फौजदार कोण होता?

तिनं माझ्याकडं, अशिक्षित माणसाकडं बघावं तसं बघितलं. "असंल की कुणीतरी. गावाचं नाव हाय ते."

मी खिडकीकडं तोंड करून इतकी हसले की तिनं सॅक स्वतःकडं ओढून घेतली. आम्ही त्या जागेला नुसतं फाटा म्हणतो. आपल्या घरच्या दाराला कुणी नाव घेऊन बोलावतं का? पण बाहेरच्यांना फाटे पुष्कळ, त्यांना वेगळं नाव लागतं. त्या ड्रायव्हरनं हात जोडले तेव्हापासून कंडक्टर, प्रवासी, दूधवाले सगळे त्या जागेला तसंच म्हणत आले असणार, आणि आमच्या कानांना ते नाव आहे हे कधी जाणवलंच नाही. ग्रामपंचायतीनं ठराव करायच्या किती तरी आधी लोकांनी फाट्याला दादाचं नाव देऊन टाकलं होतं. आता ते पद नव्हतं. ते टोपणनावही राहिलं नव्हतं.

फाट्यावर उतरल्या उतरल्या, लिंबाच्या सावलीत उभं राहून मी वहिनीला फोन लावला. म्हटलं, दगडावर तुमचा हवालदार राहील, कुणी हात लावणार नाही. पण रस्त्याच्या कडेला जागेचं नाव सांगणारा वेगळा बोर्ड लागेल, लोखंडी, उंच. त्याच्यावर फौजदार फाटा. ते जागेचं नाव आहे, माणसाचं नाही. साताऱ्याचे लोक जागेच्या नावाला कसे हसतील?

बोर्ड किती उंच, ते तिनं आधी विचारून घेतलं. मग म्हणाली,

"वन्सं, गावाचं नाव गावानं ठिवावं. ह्यांचं पद मी सांगंन."

"म्हणजे चालंल?"

"दगड रस्त्याच्या म्होरं पायजे. बोर्ड त्याच्या मागं."

पोलिसाची बायको. कुणाला कुठं उभं करायचं हे तिला बरोबर कळतं.

आप्पांना सांगायला वेळ लागला नाही. त्यांनी दगडाबद्दल विचारलंच नाही. त्यांचा एकच प्रश्न होता, की बोर्डावर तुरा असणार का? मी पेंटरला निरोप दिला. पेंटर म्हणाला की तुरा आता जुना झाला, सध्या वेगळी अक्षरं चालतात, कॉम्प्युटरची. मी म्हटलं, भाई, तो तुरा ज्यानं पहिल्यांदा काढला त्यानंच काढायचा. तो हसला, आणि मग म्हणाला, ब्रश धुवून ठिवतो.

कार्यक्रमाच्या दिवशी आप्पांनी धुवट धोतर नेसलं, पटका बांधला. मेंढरं मात्र त्यांनी शेजाऱ्याच्या ताब्यात देऊन माळावरच पाठवली होती, कारण बार होणार का नाही ह्याची खात्री कुणी देईना. वहिनी लेकीला, म्हणजे माझ्या भाचीला, साताऱ्यालाच ठेवून एकटी आली होती, परीक्षा होती तिची. साताऱ्याहून दादाचे सोबती आले. त्यांनी आधी दगड वाचला, टोप्या सारख्या केल्या आणि सलाम केला. वहिनी दगडाच्या उजव्या अंगाला उभी होती, ताठ. मागच्या उंच बोर्डाकडं त्यांच्यातल्या एकानं बघितलं, दुसऱ्याला कोपरानं ढोसलं, आणि दोघांचेही डोळे भरले. हसलं कुणी नाही. हसले असते तरी, मला वाटतं, वहिनीनं त्या दिवशी चालवून घेतलं असतं.

तालुक्याच्या ठाण्यातून जी पाहुणी आली ती एक तरुण पोरगी होती. वाईकडची, नवीन बदली, खांद्यावर चकचकीत तारे. सरपंचांना तिला काय म्हणावं कळेना, ते आळीपाळीनं मॅडमसाहेब आणि साहेबबाई म्हणत होते. तिनं फीत कापली, हार घातला. मग तिनं आप्पांना वाकून नमस्कार केला. आप्पांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तुमी कोण म्हनायचं?"

"मी इथली फौजदार, आजोबा."

मी वहिनीकडं बघितलं, वहिनी दगडाकडं बघत होती. आप्पांनी काठी उचलून मागच्या बोर्डाकडं, त्या तुऱ्याकडं रोखली. "मग ह्यो बी फौजदार. एका ठाण्याला दोन फौजदार कसं चालत्याल?"

तिला कुणी काही सांगितलं होतं का, मला माहीत नाही. तिनं बोर्ड वाचला, मग दगड वाचला, सावकाश, ओळ न ओळ. मग म्हणाली, "हा फाटा त्यांच्याकडं. बाकीचं मी बघते."

आप्पांना ते मान्य झालं. कामाची वाटणी त्यांना नेहमी पटते.

भाषणं अजून सुरूच होती तेव्हा मेंढरं आली. शेजाऱ्याला ती धरवली नव्हती, दिवस कलल्यावर ती आपापली घराकडं निघाली होती. कळप पलीकडच्या कडेला येऊन थांबला, पुढची दोन डांबरीवर, बाकीची मागं, सभा भरलेली. वरून एस.टी. येत होती. ती तरुण फौजदार कुणी सांगायच्या आत रस्त्यात उतरली, आणि तिनं हात केला. एस.टी. थांबली. आप्पा कडेला उभे राहून बघत होते.

"हात आजून वर घ्या, बाय," ते म्हणाले, "ड्रायव्हरला दिसाय पायजे."

तिनं हात अजून वर घेतला. मेंढरं एकामागं एक दगडापुढून पार झाली. एकही थबकलं नाही, आणि भाषण करणाऱ्यांना थांबायला एक चांगलं कारण मिळालं.

संध्याकाळी मी वहिनीला गाडीत बसवायला फाट्यावर आले. माणसं पांगली होती. पेंटर शिडीवर चढून रंगाचा एक ओघळ पुसत होता. वहिनीचा फोन वाजला, भाचीचा होता, कुठं आहेस आणि कधी येतेस विचारत होती.

"फौजदार फाट्यावर हाय," वहिनी म्हणाली. "गाडी आली की निघते."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला राहवेना. मी विचारलं, काय म्हणालात वहिनी? कुठं हाय म्हणालात?

तिनं फोन पिशवीत टाकला, पिशवीची चेन लावली, आणि गाडी कुठवर आली ते बघायला रस्त्याकडं मान वळवली.

"गावाचं नाव हाय ते," ती म्हणाली.